थकबाकी आणि पोच

हिशेबी : तुझी यादी वाचली. दर वर्षी ३१ डिसेंबरला लिहितेस तशी यंदाही, २०२१ला, लिहिलीस, आणि यंदा चांगली दोन पानं भरलीस. डॉक्टरांचे आभार, नर्सचे आभार, दूधवाल्याचे, गेटवरच्या चौकीदाराचे, लशीचे, एवढंच काय, मागच्या गल्लीतल्या कडुनिंबाचेही. आणि शेवटी एकच वाक्य : ‘दमले आहे, पण ऋणी आहे.’ मला त्या ‘पण’शी भांडायचंय. त्या एका शब्दाने तू दमणं घडी घालून कपाटात ठेवून दिलंस. आपण माणूस थकला म्हणतो, तसंच रक्कम थकली असंही म्हणतो. पगार थकतो, भाडं थकतं, कर्जाचे हप्ते थकतात. क्रियापद एकच. मी बत्तीस वर्षं लेखा विभागात काढली, त्याचा परिणाम असेल, पण माणसं थकली हे ऐकलं की मला आधी एवढंच विचारावंसं वाटतं : यांचं कोणाकडे काय थकलंय? कोणाची झोप थकली आहे, कोणाची रजा, कोणाचा पगार. कोणाला बापाचं सुतकही धड पाळता आलं नाही, त्याचे ते दिवस थकलेत. अशा माणसापुढे हात जोडून ‘आम्ही आपले आभारी आहोत’ म्हटलं की हिशेब मिटतो का? माझ्या अनुभवात आभार बहुतेकदा तारीख पुढे ढकलायला कामी येतात.

ऋणी : ‘पण’ पकडलंत ते बरं केलंत काका, मलाही तो जरा टोचत होता. तरी तो कुठून आला ते ऐका. २० एप्रिलला दिल्लीत एका दिवसात कोविडचे २८ हजारांवर रुग्ण सापडले. त्याच आठवड्यात आमच्या घरात तिघं आजारी. एरवी गावाकडचे म्हणायचे, ‘तुमचं काय बाई, लक्ष्मीबाई नगरात राहता, मोठमोठी इस्पितळं उशाशी.’ त्या आठवड्यात अख्ख्या शहरात खाट मिळेना. सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आम्ही बसलो होतो. तर्जनीला ८६ दाखवायचा, मधल्या बोटाला ८८. मग आम्ही ठरवून टाकायचो की मधलं बोट खरं बोलतंय. बोट चोळायचो, सेल बदलायचो, हात बदलायचो. रात्री दोनला एक माणूस गाझियाबादहून अर्धा भरलेला सिलिंडर घेऊन आला. इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्यापाशी रस्त्यावर, गाडीत बसलेल्या रुग्णांना ऑक्सिजन लावत होते, ते दिवस. हा तिथला होता की कोणाच्या ओळखीतला, मला आजही ठाऊक नाही. गेटवर सिलिंडर उतरवला, नॉब किती फिरवायचा ते दाखवलं आणि ‘अभी दो जगह और जाना है’ म्हणून निघून गेला. पैसे मागितले नाहीत, नाव सांगितलं नाही. नंबर दहा जणांकडून फिरत आलेला; पुढच्या महिन्यात लावला तर बंद. सासूबाई आज आत जपमाळ घेऊन बसल्या आहेत. त्या माणसाचं माझ्याकडे जे थकलंय ते मी कुठल्या खिडकीवर भरू? आभारांशिवाय माझ्या हातात काय आहे?

हिशेबी : त्या माणसाविषयी मी तोंड उघडणार नाही. त्याचं आणि तुझं खातं मला तपासायचं नाही. मला त्रास होतो तो चौकातल्या आभारांचा. तारखा बघ. २२ मार्च २०२०, संध्याकाळी पाच वाजता थाळ्या. ५ एप्रिल, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे. ३ मे, हेलिकॉप्टरमधून इस्पितळांवर फुलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर दिल्ली महापालिकेच्या इस्पितळांमधले निवासी डॉक्टर उपोषणाला बसले, कारण त्यांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले होते. फुलं वेळेवर पोचली होती. 

आता याच आठवड्यातलं घे. निवासी डॉक्टरांच्या तीन वर्षांच्या तीन तुकड्या असतात. यंदा पहिल्या वर्षाची तुकडी आलीच नाही. नीट-पीजी १८ एप्रिलला व्हायची ती ११ सप्टेंबरला झाली, आणि मग प्रवेशाचं काउन्सेलिंग आरक्षणाच्या खटल्यात अडकलं. तिघांचं काम दोघं ओढताहेत, तेही दुसरी लाट अंगावर घेतल्यानंतर. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मोजणीप्रमाणे त्या लाटेत देशभरात ७९८ डॉक्टर गेले, त्यातले १२८ दिल्लीतले. ही मुलं परवा सोमवारी, २७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाकडे मोर्चा घेऊन निघाली तर वाटेतच उचलली. रात्री आपल्या शेजारच्या सरोजिनी नगरच्या पोलीस ठाण्यापुढे पांढऱ्या कोटांची गर्दी होती. त्याच दिवशी त्यांनी निषेध म्हणून आपले पांढरे कोट परत केले. ज्या डोक्यांवर फुलं टाकली तीच डोकी ही. म्हणून तुझ्या यादीत ‘डॉक्टरांचे आभार’ वाचलं तेव्हा मला विचारावंसं वाटलं, कुठल्या डॉक्टरांचे? मे २०२०च्या की या सोमवारच्या?

ऋणी : दोन्हींचे. आणि एक गोष्ट तुम्ही घाईत एकत्र बांधताय. थाळ्या वाजवणारे वेगळे होते, पगार अडवणारे वेगळे. मी स्वतः वाजवली. आमच्या गॅलरीत उभी राहून स्टीलच्या ताटावर उलथन्याने इतकी जोरात वाजवली की ताटाला पोचा आला. अजून आहे. त्यात वाढलेलं वरण आजही त्या पोच्यात जाऊन बसतं. तेव्हा मला कोणी फसवलं नव्हतं. भीती वाटत होती, समोरच्या ब्लॉकमध्येही लोक बाहेर आलेले दिसले, आणि भीतीला काहीतरी हातवारे मिळाले. त्या आवाजाची आज टिंगल करणारे त्या दिवशी आपापल्या गॅलरीत होतेच. शिवाय सगळं फुलांवर भागवलं असंही नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांच्या विम्याची घोषणा त्याच मार्चमध्ये झाली होती. 

आणि तुमचा थकबाकीचा सिद्धांत याच डॉक्टरांच्या संपाला लावून बघा. संप झाला तेव्हा वसुली कोणाकडून झाली? न्यायालयाकडून? मंत्रालयाकडून? इस्पितळाशेजारच्या मेट्रोच्या दाराशी फुटपाथवर फाइल उशाला घेऊन झोपलेले ते लोक, बिहारहून, बुंदेलखंडातून आलेले, ज्यांना तारीख मिळायलाच चार महिने लागतात, त्यांच्या ओपीडीतून झाली. त्यांचा थकवा कोणाच्या खात्यावर मांडणार?

हिशेबी : तू बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. थकबाकी नेहमी चुकीच्या माणसाकडूनच वसूल होते, कारण खरा देणेकरी काउंटरवर बसलेला नसतो. पण माझ्या मते यातून निघतं ते असं, की देणेकऱ्याचं नाव स्पष्ट लिहिलं पाहिजे. चौकातले आभार नेमकं ते नाव पुसतात. ‘देश तुमचा ऋणी आहे’ म्हटलं की देश म्हणजे कोण? सही कोणाची? 

आपल्या महाराष्ट्रातलं घे. या जूनमध्ये सत्तर हजारांच्या आसपास आशा सेविका संपावर गेल्या. घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या याच बायका. १५ जूनला सुरू झालेला संप आठवडाभराने मिटला, महिना दीड हजाराच्या वाढीवर : हजार मानधनाचे, पाचशे कोविडचे. त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत हे लक्षात घे. मानधन म्हणतात. शब्दातच धनाच्या आधी मान आहे. मान आगाऊ देऊन टाकला की धन थोडं कमी चालतं. 

आणखी एक. उद्यापासून, १ जानेवारी २०२२ पासून, जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावं रोगवर्गीकरण लागू होतंय. त्यात ‘बर्नआउट’ आहे. गंमत अशी की त्याला त्यांनी आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या ताणाची दीर्घकाळ नीट सोय लावली नाही तर जे होतं ते, अशी नोंद आहे. अंगातलं त्राण जातं, कामाविषयी मनात कडूपणा येतो, हातून काम होईनासं होतं. म्हणजे डॉक्टरांच्या पुस्तकातही थकव्याचा पत्ता माणसाच्या अंगातला नाही, त्याच्या नोकरीचा आहे. आणि आपण त्या माणसाला सांगतो, सकाळी उठून कृतज्ञतेची वही लिही.

ऋणी : वहीला हसू नका, मी लिहिते. पण तुम्ही ‘थकलो’ म्हणणाऱ्यांचा हिशेब मांडताय, तर न म्हणणाऱ्यांचाही मांडा. या दोन वर्षांत दमल्याचं सगळ्यात मोठ्याने कोणी सांगितलं? घरात बसून स्क्रीनकडे बघणाऱ्या आम्हा लोकांनी. मी त्यातलीच. मला खरंच थकायला झालं होतं. इतके शोकसंदेश लिहिले की मोबाइलवर ‘भा’ टाइप केलं की कीबोर्ड आपणहून ‘भावपूर्ण’ पुढे करायचा, आणि त्याच्यामागोमाग ‘श्रद्धांजली’. भाजीची यादी लिहिताना ‘भात’ लिहायला जावं तर तेच. लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या शब्दांची शिसारी यावी, याहून मोठा थकवा मला माहीत नाही. 

पण आमच्याकडे भांडी-फरशीला येणारी बाई, कोटला मुबारकपूरला एका खोलीत राहणारी, ती २०२०च्या जुलैत परत कामावर आली तेव्हा ‘थक गई’ म्हणाली नाही. म्हणाली, ‘दीदी, आपने बुला लिया, भगवान आपका भला करे.’ तिच्या तोंडी आभारच होते. तुमच्या हिशेबात तिची कृतज्ञता खोटी ठरते. तिच्याकडून तेवढंही काढून घेणार?

हिशेबी : ती खोटी नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती त्याच कृतज्ञतेची वाटते. ज्याचं येणं आहे तोच आभार मानतोय. गरजवंताला अक्कल नसते असं आपण किती सहज म्हणून जातो. खरं तर गरजवंताला हिशेब मागायची सोय नसते, अक्कल असतेच. आता विचारतो म्हणून रागावू नकोस. लॉकडाउनमध्ये गेट बंद होतं त्या महिन्यांचे पैसे तिला दिलेस?

ऋणी : एप्रिलचे पूर्ण दिले.

हिशेबी : आणि मेचे?

ऋणी : अर्धे. ह्यांच्या महागाई भत्त्याची बातमी आली होती, सगळीकडे अनिश्चित वाटत होतं. जूनचे… जूनचे राहून गेले. मुद्दाम नाही. ती मागायला आली नाही, मला आठवलं नाही. अडीच हजार महिना. म्हणजे तीन हजार सातशे पन्नास.

हिशेबी : आकडा तोंडपाठ आहे तुझा.

ऋणी : कालपासून आहे. आणि काका, इथेच मला तुमच्याशी भांडायचंय. हा आकडा मला कुठल्या खतावणीत सापडला नाही. यादीत तिचं नाव लिहायला घेतलं, ‘जिच्यामुळे माझं घर चालतं’ असं छापील वाक्य लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. आभार मानायला बसले नसते तर जून २०२० मला कधीच आठवला नसता. तुम्ही म्हणता आभारांनी हिशेब पुसला जातो. माझ्या बाबतीत त्यांनीच तो वर काढला.

हिशेबी : मग दिलेस का?

ऋणी : गेल्या वर्षी दिवाळीत साडी दिली होती, वर पाचशे रुपये. कालपासून मनाला समजावतेय की त्यात आलं सगळं.

हिशेबी : नाही आलं. थकबाकीला दिवाळीची भेट म्हणायचं नाही. भेटीत देणारा मोठा होतो, बाकी चुकती करताना दोघं बरोबरीत येतात. तिला साडी घेताना परत एकदा ‘भगवान भला करे’ म्हणावं लागलं असणार. म्हणजे तिचे पैसे तिला देऊन वर तिच्याकडून आभार घेतलेस. तू एकटी नाहीस, आख्ख्या कॉलनीने हेच केलं. पण हे कळल्यावर तरी तो ‘पण’ काढ. ‘दमले आहे, ऋणी आहे, आणि माझ्याकडे एवढे एवढे निघतात’ असं लिही.

ऋणी : लिहीन. पण आता माझी पाळी. तुमच्या सिद्धांताची एक कड मला लागत नाही. थकवा म्हणजे थकबाकी, बरोबर? तुमचं काय थकलं? तुमचा पगार या बावीस महिन्यांत एक दिवस उशिरा झाला नाही. तुमच्या भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, जानेवारी २०२० पासून दीड वर्ष. यंदा जुलैपासून १७ टक्क्यांचे २८ झाले, मधल्या अठरा महिन्यांचं काही मिळालं नाही. कॉलनीतल्या प्रत्येक बाकावर हाच विषय असतो. पण तुम्ही त्या बाकांवर बसत नाही, मी पाहिलंय. भत्त्यासाठी तुम्ही खचलेले नाही. तरीही गेल्या मेपासून तुम्ही वेगळेच दिसता. संध्याकाळचा फेरा बंद, दिल्ली हाटपर्यंत जाणं बंद, नाटकाची तालीम बंद. तुमच्याच भाषेत विचारते : तुमचं कोणाकडे काय निघतं?

हिशेबी : भत्त्याचं म्हणशील तर लाज वाटायची. रस्त्यावरून माणसं पोरांना खांद्यावर घेऊन गावाकडे चालत होती आणि माझ्या खात्यावर ठरल्या दिवशी पगार जमा होत होता. ते सोड. तू विचारतेस ते दुसरं आहे. 

माझ्या शेजारच्या टेबलवर बसणारा माणूस एकोणीस वर्षं माझ्या डब्यातली भाजी खात होता. एप्रिलच्या शेवटी गेला. त्याचा मुलगा परदेशात, बायको दवाखान्यात, म्हणून स्मशानात मी गेलो. रांगेत सहा तास. तिथला एक पोरगा प्रत्येक गठड्याला चिठ्ठी लावत होता, नाव आणि नंबर. याचं नाव त्याने चुकीचं लिहिलं, आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याला म्हणालो, ‘वेलांटी चुकली.’ तो पोरगा रात्रभर उभा असणार. त्याचे डोळे असे होते की माझ्याकडे बघूनही त्याला मी दिसत नव्हतो. पण चिडला नाही. ती चिठ्ठी खिशात टाकली, नवी काढली आणि म्हणाला, ‘बोलिए साहब, ठीक से लिखते हैं.’ मी एकेक अक्षर सांगितलं, त्याने लिहिलं. मागे रांग थांबली होती. 

आता सांग, हे काय आहे? मला कोणाकडून काही येणं नाही. त्या पोराचं माझ्याकडे आहे, पण किती? पैशात होत नाही. मित्राचं जे गेलं ते कोणाच्या नावे टाकू? हातात पैसा आला पण कुठल्या सदरात घालायचा ते कळत नाही, तेव्हा आम्ही तो उचंत खात्यात टाकतो. माझा थकवा उचंत खात्यातला आहे. थकबाकी म्हणून त्याची वसुली होणार नाही, हे मला मान्य आहे.

ऋणी : म्हणजे तुमच्याच तोंडून दोन थकवे निघाले. एकाचा देणेकरी आहे, तो सापडला तर वसूल होईल. दुसऱ्याचा देणेकरीच नाही, तो नुसता वाहायचा. माझी कृतज्ञता या दुसऱ्यासाठी होती, असं आता मला वाटतंय. चूक एवढीच झाली की ती मी पहिल्यावरही पसरली.

हिशेबी : चूक छोटी नाही, पण मांडलीस नेमकी. आता तुझ्या बाजूने एक मुद्दा मीच देतो, कारण तो मला परवा फाइल चाळताना सुचला. १९६३चा मुदतीचा कायदा आहे. साध्या देण्याचा दावा तीन वर्षांत केला नाही तर तो बुडतो. पण कलम १८ म्हणतं, मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी कबुली दिली, खाली सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजायची. कबुली धनकोलाच उद्देशून असावी असंही नाही, तिसऱ्याला लिहिलेलं पत्र चालतं. आणि कबुली देताना सोबत ‘पण मी देणार नाही’ असं लिहिलं असलं तरी कायदा त्याला कबुलीच मानतो.

ऋणी : मग आभार म्हणजे हेच नाही का? मराठीत आपण आभार देत नाही, मानतो. मान्य करतो. जन्मभर हा शब्द वापरला आणि आज कळतंय की त्यात कबुली आहे. माझी यादी वाचकांना लिहिलेली, धनकोंना नाही. तीही चालेल म्हणता. तिने काही फिटत नसेल, पण दावा जिवंत राहतो. पोच म्हणा. माल मिळाला, पैसे द्यायचे आहेत, याची पोच.

हिशेबी : सावकाश. पोच आणि पावती यांत आयुष्य गेलंय माझं. पैसे देऊन झाले की पावती. माल मिळाला एवढंच सांगायचं तर पोच. आपल्याकडे लोक पोच देतात आणि पावती दिल्यासारखे वागतात, तिथे सगळा घोटाळा. दुसरं, कबुलीवर सही देणेकऱ्याची लागते. तुझ्या कामवालीने तुझे कितीही आभार मानले तरी तुझं देणं त्याने सिद्ध होत नाही. फुलांवर सही नसते, थाळीच्या आवाजावर नसते. आणि तिसरं, मुदतीच्या आत लागते. 

सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतःच प्लेगने गेल्या, १० मार्चला. विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं २०१४मध्ये. ११७ वर्षांनी पोच आली. आपण राहतो त्या वसाहतीचंच बघ. झाशीच्या राणीचं नाव दिलं, फार छान केलं. तिच्या दत्तक मुलाचा वारसा १८५४मध्ये कंपनी सरकारने नाकारला, दामोदरराव इंदूरला राहिले आणि १९०६मध्ये गेले. झाशी काही त्यांना परत मिळाली नाही. नाव उरलं, येणं बुडालं.

ऋणी : पण ते नाव नसतं तर येणं होतं हेही आज तुम्ही सांगू शकला नसतात. ११७ वर्षांनी आलेली पोच सावित्रीबाईंच्या कामाची नाही, कबूल. पण तिच्या आधाराने उद्या एखादी आशा सेविका ‘आमचं काय?’ म्हणून विचारू शकते. तुम्ही पोच कधी आली ते बघता, मी तिच्या जोरावर पुढे कोण दावा लावतं ते बघते.

हिशेबी : आणि मी विचारतो, तोवर त्या बाईने खायचं काय? हे आपलं मिटणार नाही.

ऋणी : नकोच मिटायला. यादीचं काय करू ते सांगा.

हिशेबी : प्रत्येक नावापुढे एक रकाना आख. वर ‘देणं’ लिही. कामवालीच्या पुढे ३,७५०. कायद्याने तू बांधील नसशील, पण कायद्याची मुदतसुद्धा अजून टळलेली नाही.

ऋणी : आणि सिलिंडरवाला?

हिशेबी : रकाना रिकामा ठेव. पण आखायचा. रिकामा रकाना दिसला पाहिजे.

ऋणी : डॉक्टरांपुढे काय लिहू? आज त्यांनी संप मागे घेतला. नवी तुकडी अजून आलेली नाही, न्यायालयाची तारीख जानेवारीतली आहे, आणि इकडे कोविडच्या निर्बंधांचा यलो अलर्ट. आयएनए स्टेशनबाहेर रांग लागते आहे, कारण मेट्रोत निम्म्याच जागा. तिसऱ्या लाटेतही तेच दोघं तिघांच्या वाटणीचं ओढणार. तिथे मी आकडा घातला तरी सही माझी चालेल का? कर मी भरते, मत मी देते. पण काउन्सेलिंग मी अडवलेलं नाही.

हिशेबी : ते मला माहीत नाही. तुझी एकटीची चालणार नाही, आणि तुझी नसून चालणार नाही. ही सही कोणी करायची याचा नमुनाच छापलेला नाही अजून.

ऋणी : आणि ते ताट? ह्यांनी दोनदा सांगितलं, भांडीवाला आला की पोचा ठोकून घे. मी देतच नाही त्याला.

हिशेबी : कशाला ठेवतेस?

ऋणी : तेव्हा ठेवलं ते अभिमानाने. मध्ये काही महिने लाजेने ठेवलं. आता नेमकं कशासाठी ते सांगता येत नाही. रोज वरण तिथे जाऊन बसतं, तेवढं दिसतं. तुमच्या उचंत खात्याचं काय करणार आहात?

हिशेबी : नियम असा आहे की वर्षअखेरीला उचंत खातं शून्य करायचं. प्रत्येक रक्कम तिच्या तिच्या सदरात गेली पाहिजे. बत्तीस वर्षांत एकदाही झालं नाही माझ्याकडून, दर वर्षी पुढे ओढलं.

ऋणी : आणि आज ३१ डिसेंबर.

हिशेबी : आज तुमचं वर्ष संपतं. आमचं ३१ मार्चला, त्याच दिवशी मी निवृत्त होणार. अजून तीन महिने आहेत.